इंधनाचा जमाखर्च

(नभोवाणीवरील भाषण)



संसाराचा जमाखर्च लिहिण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. दूध किती आलें, वाण्याचें देणें किती राहिलें, कपडे कितीदां धुण्यास गेले, याचीं टिपणें सुशिक्षित घरांतून नेमानें ठेवलीं जातात. परंतु जी वस्तु घरांत रोज जळून नाहींशी होते तिचा खरा हिशोब सहसा कोणी मांडीत नाहीं. ती वस्तु म्हणजे इंधन. सिलिंडर किती दिवस पुरला हें घरांतील माणसांना ठाऊक असतें. विजेचें बिल किती आलें हेंहि ठाऊक असतें. पण विकत घेतलेल्या उष्णतेपैकीं कामाला किती आली, वाऱ्यावर किती गेली, आणि वाऱ्यावर गेलेली ती जातां जातां कोणाच्या छातींत काय ठेवून गेली, हे तीन प्रश्न त्या वहींत नसतात. आज त्या तीन प्रश्नांचाच विचार करावयाचा आहे.

उदाहरणासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं. ठाणें शहराला लागून खाडीच्या बाजूस बाळकुम नांवाचें गांव आहे. गांव म्हणावयाचें तें जुन्या संवयीनें, कारण आतां तें महानगराचाच एक भाग होऊन गेलें आहे. येथून भिवंडीकडे जाणारा जुना रस्ता कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडतो. अशा ठिकाणीं सकाळच्या एका घटकेंत चार निरनिराळीं इंधनें कामास लागलेलीं असतात. रस्त्यावरील मालमोटारींत डिझेल जळत असतें. उंच इमारतींतील स्वयंपाकघरांत नळावाटें आलेला नैसर्गिक वायु किंवा सिलिंडरमधील वायु जळत असतो. जुन्या वस्तींत एखाद्या अंगणांत आंघोळीच्या पाण्याखालीं काटक्या-ढलप्या धुमसत असतात. चौथें इंधन मात्र डोळ्यांना दिसत नाहीं. तें म्हणजे दगडी कोळसा. तो जळतो शेंकडों मैल दूर, चंद्रपूर-कोराडीसारख्या ठिकाणच्या भट्ट्यांत, आणि येथें येतो तो विजेच्या रूपानें. दिव्याचें बटण दाबणाऱ्याच्या हाताला काजळी लागत नाहीं, इतकाच काय तो फरक.

प्रथम जमेची बाजू पाहूं. एक किलो पाण्याचें उष्णमान एका अंशानें वाढविण्यास जितकी उष्णता लागते तिला किलोकॅलरी म्हणतात. एक किलो वाळलेल्या लांकडांत सुमारें ३,५०० ते ४,००० किलोकॅलरी उष्णता सांठविलेली असते. आपल्या विद्युत्केंद्रांत जाणाऱ्या देशी कोळशांतहि साधारण तितकीच असते, कारण त्या कोळशांत राखेचें प्रमाण फार, पुष्कळदां शेंकडा ३० ते ४५ पर्यंत असतें. सिलिंडरमधील वायूच्या एका किलोंत सुमारें ११,००० किलोकॅलरी असतात. विजेचें एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. हीं चार मापें ध्यानांत ठेवलीं म्हणजे पुढचा हिशोब कोणासहि करतां येईल.

आतां खर्चाची बाजू. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास ७५ किलोकॅलरी लागतात. म्हणजे हिशोबानें २० ग्रॅम लांकूड पुरावयास हवें. प्रत्यक्षांत तीन दगडांच्या चुलीवर दीडशें ग्रॅमांच्या आसपास लांकूड जळतें. कारण अशा चुलींत शंभर भाग उष्णतेपैकीं भांड्यांत शिरतात ते अवघे १० ते १५ भाग. रॉकेलच्या वातीच्या स्टोव्हवर हें प्रमाण ४० ते ६० पर्यंत जातें आणि वायूच्या चांगल्या शेगडीवर ६० च्या वर. मग चुलींतील बाकीचे ८५ भाग जातात कोठें? याचें उत्तर दोन प्रकारचें आहे. कांहीं उष्णता उत्पन्नच होत नाहीं. आणि जी होते तिच्यांतील पुष्कळशी भांड्याला वळसा घालून निघून जाते.

उत्पन्न न होणारी उष्णता कोणती तें पाहूं. इंधन जळतें म्हणजे त्यांतील कार्बन व हायड्रोजन यांचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होतो. कार्बनला पुरेसा प्राणवायु मिळाला तर त्याचा कार्बन डाय-ऑक्साइड होतो व सर्व उष्णता पदरांत पडते. अपुरा मिळाला तर कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु होतो, आणि त्या वेळीं पूर्ण ज्वलनाच्या उष्णतेपैकीं तीन दशांशहि हातीं लागत नाहींत. धुराचेंहि असेंच आहे. धूर म्हणजे न जळलेलें इंधनच होय. चुलीपाशीं बसलेल्या बाईनें फुंकणीनें दोन फुंकर घातले कीं धूर एकाएकीं नाहींसा होऊन ज्वाळा उठते. धूर गेला कोठें? तो जळाला. ज्या वाफा थंड राहून डोळ्यांत जात होत्या त्यांना हवा मिळाली, ऊब मिळाली, आणि त्यांतली उष्णता भांड्याखालीं आली. म्हणून इंधनाच्या बाबतींत स्वच्छता आणि काटकसर या पुष्कळ अंशीं एकाच गोष्टीचीं दोन नांवें आहेत. वायूच्या शेगडींत ज्वाळेपूर्वींच नळींत हवा व वायु यांचें मिश्रण होतें, म्हणून ज्योत निळी दिसते. ती पिवळी पडूं लागली तर समजावें कीं काजळीचे कण तापून चमकत आहेत. बर्नरचीं भोंकें साफ करण्याची वेळ आली.

हवा हवी म्हणून ती अतोनात द्यावी असेंहि नाहीं. फाजील हवा कामावांचून तापते आणि तापून निघून जाते. ओल्या लांकडाचा दोष याहून मोठा आहे. ताज्या तोडलेल्या लांकडांत निम्म्याच्या जवळपास पाणीच असतें, आणि त्या प्रत्येक किलो पाण्याची वाफ करण्यांत ५४० किलोकॅलरी खर्च होतात. ही उष्णता आपण विकत घेतों ती केवळ लांकूड वाळविण्यासाठीं! चार महिने आधीं लांकूड फोडून माळ्यावर रचून ठेवण्याची जुन्या घरांतील रीत ही शास्त्राच्या दृष्टीनें अगदीं बिनचूक होती.

दुसरा खर्च भांड्याला वळसा घालून जाणाऱ्या उष्णतेचा. येथें आपल्या जुन्या घरांतील दोन वस्तूंकडे मी आपलें लक्ष वेधूं इच्छितों. पहिली वस्तु आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब. चुलींत विस्तव खालीं व पाणी वर असतें. बंबांत विस्तवाची नळी मधोमध व पाणी तिच्या भोंवतीं असतें. ज्वाळा जिकडे वळेल तिकडे तिला पाणीच भेटतें. बाष्पयंत्राला वाफ पुरविणाऱ्या जुन्या बॉयलरांत हीच रचना मोठ्या प्रमाणावर केलेली असे. दुसरी वस्तु चुलीचा वैल. मुख्य भांड्याखालून निघालेली ऊन धग आडव्या वाटेनें वैलाखालीं जाते, आणि तेथें वेगळें लांकूड न घालतां दूध तापतें किंवा आमटी ऊन राहते. एकदां वापरलेल्या उष्णतेकडून दुसरें काम करून घेणें ही वैलाची युक्ति. ही युक्ति आपण ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें विराट् रूप आपल्याला पाहावयाचें आहे.

परंतु चुलीची थोरवी सांगतांना तिचें पाप झांकतां येत नाहीं. घरांतील लांकूड, गोवऱ्या, कोळसा व रॉकेल यांच्या धुरामुळें जगांत २०२० या एका सालीं सुमारें ३२ लाख माणसें अकालीं मेलीं असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. यांत बायका व लहान मुलें यांचा भरणा मोठा, कारण चुलीपाशीं त्यांचेच तास जातात. धुराडें बांधलें म्हणजे धूर घराबाहेर जातो, पण गल्लींतच राहतो. खरा उपाय धूर उत्पन्नच होऊं न देण्याचा. २०१६ सालच्या १ मे रोजीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें कोट्यवधि घरांत वायूची शेगडी पोंचविली. हें काम मोठें खरें. तथापि सिलिंडर पुन्हां भरावयास पैसे नसले कीं कोपऱ्यांतील चूल परत पेटते. मुरबाड-शहापूरच्या बाजूस, जेथें रानांतील काटक्या फुकट मिळतात, तेथें हा प्रश्न शास्त्राचा नसून मिळकतीचा आहे.

येथवर आपण उष्णतेचें उष्णता म्हणूनच काम पाहिलें. उष्णतेपासून गति किंवा वीज निर्माण करावयाची म्हटली कीं निसर्ग एक निराळाच कर मागतो. या कराचा नियम सादी कार्नो या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८२४ सालीं दाखवून दिला. खोपोलीला १९१५ सालापासून टाटांच्या विद्युत्गृहांत सह्याद्रीच्या माथ्यावरून कोसळणाऱ्या पाण्यापासून वीज काढतात. पाणी जितक्या उंचीवरून पडेल तितकें काम अधिक. उष्णतेचेंहि असेंच आहे: ती जितक्या वरच्या उष्णमानावरून जितक्या खालच्या उष्णमानावर उतरेल तितकें तिच्याकडून काम अधिक निघतें. वाफ ५४० अंशांवर तापविली आणि ४० अंशांवर थंड केली, तर सर्व यंत्रें निर्दोष असलीं तरी शंभरांतील ६१ भागांहून अधिक काम मिळणें शक्य नाहीं. बाकीची उष्णता गार पाण्याच्या स्वाधीन करावीच लागते. प्रत्यक्षांत यंत्रें निर्दोष नसतात, म्हणून हातीं येतें तें याहून पुष्कळच कमी.

या गोष्टीचा इतिहास आपल्याच लोहमार्गावर घडलेला आहे. १८५३ सालच्या १६ एप्रिल रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली ती वाफेच्या एंजिनावर. तें एंजिन दिसावयास भव्य, पण हिशोबाला वाईट. अशा एंजिनांत कोळशाच्या शंभर भागांपैकीं गाडी ओढण्यास लागत ते ५ ते ८ भाग. बाकीचे धुराड्यांतून आभाळांत जात, कारण वापरलेली वाफ थंड करून तिचा उरलेला जोर घेण्यास चाकांवरच्या यंत्रांत जागाच नसते. १९२५ सालच्या ३ फेब्रुवारीला बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धांवली, आणि १९२९-३० च्या सुमारास वीज घाट चढून पुणें व इगतपुरी येथें पोंचली. या मार्गासाठीं जी. आय. पी. रेल्वेनें ठाकुर्लीजवळ चोळें येथें स्वतःचें विद्युत्गृह उभारलें. तेथेंहि कोळसाच जळे. मग लाभ काय झाला? लाभ हा, कीं एका जागीं उभ्या असलेल्या मोठ्या भट्टींत कोळसा नीट जाळतां येतो व वाफ पाण्यानें गार करून तिचें पुरतें काम घेतां येतें. त्या काळच्या चांगल्या विद्युत्गृहांत शंभरांतील १५ ते २० भागांची वीज होई. तारांतील व मोटारींतील तूट वजा केली तरी गाडीला वाफेच्या एंजिनापेक्षां सुमारें दुप्पट काम त्याच कोळशांतून मिळे, आणि बोगद्यांतील धूर गेला तो वेगळाच. चोळ्याचें तें विद्युत्गृह १९८० नंतरच्या दशकांत बंद झालें. पण कल्याण-डोंबिवलीच्या जुन्या रहिवाशांना त्याचीं उंच धुराडीं अजून आठवत असतील.

आजच्या कोळशाच्या विद्युत्केंद्राचा जमाखर्च असा आहे. शंभर भाग उष्णता भट्टींत घातली तर १२ ते १५ भाग धुराड्यावाटें व राखेबरोबर जातात. ५० च्या आसपास भाग वाफ गार करणाऱ्या पाण्यांत जातात. कांहीं भाग केंद्राचीच यंत्रें खातात. उरते ती सुमारें ३५ भाग वीज. म्हणजे एका युनिटासाठीं दोन-तृतीयांश किलोच्या आसपास कोळसा लागतो. हा आंकडा वाढविण्याचा एक मार्ग म्हणजे वाफेचें उष्णमान व दाब वाढविणें. हवेच्या दाबाच्या सुमारें २१८ पट दाबावर आणि ३७४ अंशांवर पाणी व वाफ यांतील भेदच नाहींसा होतो. याच्या पलीकडच्या स्थितींत चालणाऱ्या संचांना 'सुपरक्रिटिकल' म्हणतात. नागपूरजवळ कोराडी येथें असे ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. या रीतीनें ३५ चे ४० च्या आसपास भाग होतात. पांच भागांचा लाभ क्षुल्लक वाटेल. पण त्याचा अर्थ तितक्याच विजेसाठीं दर आठ गाड्या कोळशामागें एक गाडी कोळसा कमी जाळणें, आणि तितकीच राख व तितकाच धूर कमी होणें.

आतां वैलाकडे येऊं. मुंबईच्या समुद्रांत 'बॉम्बे हाय' येथें १९७४ सालीं तेल व वायु सांपडला. त्या वायूवर चालणारें विद्युत्केंद्र १९८२ सालापासून उरण येथें उभें राहूं लागलें. तेथील यंत्र विमानाच्या एंजिनाच्या जातीचें: हवा दाबावयाची, तींत वायु जाळावयाचा, आणि तप्त वायूच्या झोतानें चक्र फिरवावयाचें. अशा यंत्राच्या तोंडांतून बाहेर पडणारी हवा पांचशें अंशांहून अधिक तापलेली असते. ती आभाळांत सोडणें म्हणजे चुलीपुढें वैल न घालणें. उरणला १०८ मेगावॉटचे चार वायुसंच होते. १९९० नंतरच्या दशकांत त्यांच्या मागें त्याच तप्त हवेवर वाफ करणारीं यंत्रें जोडण्यांत आलीं आणि त्या वाफेवर १२० मेगावॉटचे दोन संच चालूं लागले. म्हणजे ४३२ मेगावॉटच्या जागीं ६७२ मेगावॉट झाले, आणि या वरच्या २४० मेगावॉटसाठीं जास्त वायु जाळावा लागला नाहीं. या पद्धतीला संयुक्त चक्र म्हणतात. जगांतील आजचीं उत्तम संयुक्त चक्रें शंभरांतील ६० भागांहूनहि अधिक वीज देतात.

उष्णतेचा दुहेरी उपयोग करण्याची दुसरी तऱ्हा आपल्या साखर-कारखान्यांत दिसते. तेथें उंसाच्या चिपाडावर मोठ्या दाबाची वाफ करतात, तिच्यावर आधीं वीज काढतात, आणि जोर ओसरलेल्या त्याच वाफेवर रस आटवितात. गार पाण्यांत फुकट जाणारी उष्णता रस आटविण्यास लागल्यानें एकंदर उपयोग शंभरांत ७० च्या पलीकडे जाऊं शकतो. महाराष्ट्रांतील कितीतरी कारखाने आपली गरज भागवून उरलेली वीज अशा रीतीनें विकतात.

येथपर्यंत स्वच्छता आणि काटकसर हातांत हात घालून चालल्या. परंतु पुढें त्यांची वाट फुटते, आणि हें सांगितल्यावांचून हिशोब पुरा होत नाहीं. कोळशांतील राख जळत नाहीं. ती धुरांतून विजेच्या जोरानें ओढून घ्यावी लागते. हवेंतील नत्रवायु फार तापला कीं प्राणवायूशीं संयोग पावतो. म्हणजे भट्टी जितकी तप्त तितका हा उपद्रव अधिक, आणि त्यासाठीं हवा टप्प्याटप्प्यानें द्यावी लागते. गंधकाची गोष्ट तर उलटीच आहे. इंधन जितकें पूर्ण जळेल तितका सगळा गंधक सल्फर डाय-ऑक्साइड होऊन बाहेर पडेल. तो धुवून काढणें हाच उपाय, आणि त्या धुलाईला केंद्राच्या विजेंतला शंभरीं एक-दोन भाग द्यावा लागतो.

ही धुलाई करावी कीं न करावी, हा वाद आपल्याच किनाऱ्यावर लढला गेला. डहाणू तालुका, जो २०१४ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत होता व आतां पालघर जिल्ह्यांत आहे, तो चिकूच्या बागांसाठीं प्रसिद्ध. १९९१ सालीं केंद्र सरकारनें हा तालुका पर्यावरणाच्या दृष्टीनें नाजूक म्हणून जाहीर केला. तेथेंच १९९५ च्या सुमारास ५०० मेगावॉटचें कोळशाचें केंद्र सुरू झालें. बागाईतदार व पर्यावरणप्रेमी नागरिक न्यायालयांत गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें १९९६ सालीं एक प्राधिकरण नेमलें गेलें. निवृत्त न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. गंधक धुण्याचें संयंत्र बसविलेंच पाहिजे असा आग्रह या प्राधिकरणानें वर्षानुवर्षें धरला, आणि अखेर २००७ सालीं तें चालूं झालें. या संयंत्रांत धूर समुद्राच्या पाण्यानें धुतात. समुद्राचें पाणी निसर्गतःच किंचित् अल्कधर्मी असतें. तें गंधकाचा वायु शोषून घेतें, त्यांत हवा सोडली म्हणजे त्याचें सल्फेट होतें, आणि सल्फेट समुद्रांत मुळांतच विपुल असतें. हीच रीत तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या, टाटा केंद्रांतील ५०० मेगावॉटच्या संचाला १९८८ च्या सुमारासच लावलेली होती.

म्हणजे विद्या आपल्याकडे नव्हती असें नाहीं. २०१५ सालच्या डिसेंबरांत सर्व देशांतील कोळशाच्या केंद्रांसाठीं गंधकाच्या मर्यादा ठरल्या. दोन वर्षांची मुदत होती. ती पुनःपुन्हां वाढत गेली, आणि २०२५ सालच्या जुलैंत बहुसंख्य केंद्रांना या संयंत्राच्या सक्तींतून सूट देण्यांत आली. देशी कोळशांत गंधक शेंकडा अर्ध्याच्या आसपास, म्हणजे थोडा असतो आणि धुलाईचा खर्च विजेच्या दरांत पडतो, असें एक बाजू म्हणते. थोडा गंधक असला तरी कोळशाचे ढीग डोंगराएवढे आहेत, आणि हवेंत गेलेला तो वायु पुढें सूक्ष्म कण होऊन दूरवर पसरतो, असें दुसरी बाजू म्हणते. श्रोत्यांनी आपलें मत बनवावें. मात्र तें बनवितांना इतकें विसरूं नये, कीं बाळकुमच्या पंख्याला लागणाऱ्या विजेचा धूर बाळकुमांत नाहीं, चंद्रपूरच्या एखाद्या शाळेच्या पटांगणावर आहे.

नैसर्गिक वायूची बाजू यांत उजवी आहे. त्यांत राख नाहीं, गंधक नांवालाच. सारख्याच उष्णतेमागें तो कोळशाच्या मानानें शेंकडा ४० कमी कार्बन डाय-ऑक्साइड सोडतो. आणि संयुक्त चक्रांत जाळला तर विजेच्या एका युनिटामागें हें प्रमाण कोळशाच्या निम्म्याहूनहि खालीं येतें. मुंबई-ठाण्याच्या रिक्षा, टॅक्सी व बसगाड्या या वायूवर आल्यापासून त्यांच्या मागचा काळा धूर गेला हें तर आपण डोळ्यांनीं पाहिलें. परंतु या वायूचा मुख्य घटक मिथेन. तो न जळतां निसटला तर वीस वर्षांच्या मुदतींत पृथ्वी तापविण्याच्या कामीं कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारें ८० पट जोरकस ठरतो. विहिरीपासून शेगडीपर्यंत शंभरीं चार-पांच भाग गळले तरी त्याचा उजवेपणा बराचसा संपतो. म्हणून गळका सांधा ही घरापुरतीच धोक्याची गोष्ट समजूं नये.

हाच मिथेन आपल्या उकिरड्यावर आपोआप होत असतो. मुंबईंत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमांत १८९७ सालींच मैल्यापासून निघालेला वायु दिवाबत्तीसाठीं वापरला गेला होता. अलीकडच्या काळांत पुण्याच्या 'आरती' या संस्थेनें, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखालीं, घरांतील खरकट्यावर चालणारें आटोपशीर वायुसंयंत्र तयार केलें व त्याला २००६ सालीं 'अश्डेन' हें आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालें. शेणाऐवजीं शिळा भात, पीठ, फळांच्या साली असें पचावयास सोपें अन्न जंतूंना दिलें तर वायु कितीतरी लवकर निघतो, हें त्यांतील मर्म. जें खरकटें डंपिंगच्या मैदानावर कुजून मिथेन सोडणारच, त्याचा मिथेन आपल्याच शेगडीखालीं जाळणें यापरतें दुहेरी पुण्य नाहीं.

आतां शेवटीं घरची वही उघडूं. स्वयंपाक विजेवर करावा कीं वायूवर? कोळशाच्या शंभर भागांतून ३५ भाग वीज होते. तारांतून घरीं येईपर्यंत ३० उरते. इंडक्शनच्या शेगडीवर त्यांतील २५ भांड्यांत जातात. तोच वायु थेट शेगडींत जाळला तर ६० भाग भांड्यांत जातात. म्हणजे वीज जोंवर मुख्यतः कोळशाची आहे तोंवर इंधनाच्या हिशोबानें वायूची शेगडी वरचढ ठरते. मात्र स्वयंपाकघराच्या हवेचा विचार केला तर विजेची शेगडी बरी, कारण तिला ज्योतच नाहीं. जसजशी उन्हाची, वाऱ्याची व पाण्याची वीज वाढेल तसतसा हा निकाल विजेकडे झुकेल. रस्त्यावरचा हिशोबहि असाच आहे. डिझेलच्या एंजिनांत शंभरांतले ३० ते ४० भागच चाकांपर्यंत जाण्याजोगे असतात. विजेची बस कोळशाच्या विजेवर चालली तर इंधनाची बचत थोडीच. पण धूर माणसांच्या गर्दीपासून दूर जातो, आणि ब्रेक लावतांना वांयां जाणारी शक्ति परत घेतां येते.

आंघोळीच्या पाण्याचा हिशोब मात्र अगदीं उघड आहे. विजेच्या गीझरांत कोळशाच्या उष्णतेचा तिसरा हिस्साहि पाण्यांत जात नाहीं. आधीं उष्णतेची वीज करावयाची, तिचा निसर्गाला कर द्यावयाचा, आणि पुन्हां विजेची उष्णता करावयाची, ती कशासाठीं, तर पाणी ४० अंशांवर नेण्यासाठीं! चंदनाच्या खोडावर भाकरी भाजण्यासारखाच हा प्रकार. वायूचा गीझर याच्या दुपटीहून अधिक चांगला. तो मात्र हवा खेळती नसलेल्या न्हाणीघरांत कधींहि बसवूं नये, कारण वर सांगितलेला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. आणि गच्चीवरील सौर बंब सर्वांत उत्तम, कारण त्याला इंधनच लागत नाहीं. कुकरचें झांकण, भांड्यावर झांकणी, उकळी आल्यावर बारीक केलेली आंच आणि भिजवून ठेवलेलें कडधान्य, हे उपाय बिनखर्ची असून त्यांतील एकहि गौण नाहीं. उकळत्या पाण्याखालीं जाळ वाढविला तर पाणी अधिक तापत नाहीं, अधिक वाफ मात्र होते. आणि किलोमागें ५४० किलोकॅलरींचा तो खर्च आपण मघांच पाहिला.

सकाळच्या पावाचाहि यांत भाग आहे. मुंबईंतील कितीतरी बेकऱ्यांच्या भट्ट्या लांकडावर, पुष्कळदां मोडक्या फर्निचरच्या रंगविलेल्या लांकडावर चालत आल्या. २०२५ सालच्या जानेवारींत मुंबई उच्च न्यायालयानें लांकूड-कोळशाच्या बेकऱ्यांनीं सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावें असा आदेश दिला. या बदलाचा खर्च लहान भट्टीवाल्याला जड आहे, आणि पाव दोन पैशांनीं महाग झाला तर कुरकुर आपणच करणार आहों. तेव्हां त्या दोन पैशांच्या समोर भट्टीवर उभ्या राहणाऱ्या कारागिराच्या फुप्फुसांची रक्कम मांडून पाहावी आणि मग बोलावें.

इंधन जाळल्यावांचून आज कोणाचाहि दिवस जात नाहीं, आणि उद्यांहि लगेच जाणार नाहीं. पण तें पूर्ण जाळावें, त्याच्या उष्णतेकडून एकाऐवजीं दोन कामें करून घ्यावीं, धुरांत जें उरेल तें धुवून घ्यावें, आणि जेथें उन्हानें भागतें तेथें इंधनाला हात लावूं नये, या चार गोष्टी आपल्या हातच्या आहेत. पहिली आणि चौथी तर उद्यां सकाळपासून घरांतच सुरू करतां येईल. बाकीच्या दोन नागरिक म्हणून मागून घ्याव्या लागतील. डहाणूकरांना त्यासाठीं अकरा वर्षें थांबावें लागलें, तरी त्यांनीं त्या मागितल्या आणि मिळविल्या.